सात वर्षं, सत्तर लाख डॉलर: टॉम बॉइडच्या कराराची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल (चेंडू लाथाडण्याबरोबर हाताने झेलताही येतो असा तिथला खेळ) लीगचा हंगाम संपला की ऑक्टोबरात क्लब एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात आणि महागड्या करारावर आलेल्या प्रत्येकाच्या मागे एकच प्रश्न लागतो: याचे पैसे वसूल होणार का? हा प्रश्न टॉम बॉइडइतका क्वचितच कुणाच्या मागे लागला असेल. 2014 च्या ऑक्टोबरात मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबाने त्याला घेतलं तेव्हा तो 19 वर्षांचा होता आणि वरिष्ठ पातळीवर अवघे 9 सामने खेळला होता. करार सात वर्षांचा, वर्तमानपत्रांच्या हिशेबाने सुमारे 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा.

वर्तमानपत्रांच्या हिशेबाने, कारण आयपीएलच्या लिलावात आकडा सगळ्यांसमोर पुकारला जातो, तसं तिथे होत नाही. खेळाडूचा पगार क्लब जाहीर करत नाहीत. बातमीदार अंदाज छापतात आणि तोच अंदाज त्या खेळाडूला जन्मभर चिकटतो.

या खेळात पैशावर नजर ठेवण्याची सवय जुनी आहे. 1930 मध्ये तेव्हाच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने ‘कूल्टर लॉ’ आणला: खेळाडू कितीही मोठा असो, एका सामन्याचे जास्तीत जास्त तीन पौंड. नियम समतेचा दिसतो, पण ज्यांच्यासाठी मैदानं भरत होती त्यांना तो जाचला. लॉरी नॅश 1938 मध्ये साउथ मेलबर्न सोडून प्रतिस्पर्धी संघटनेच्या कॅम्बरवेलकडे गेला. हा नॅश ऑस्ट्रेलियाकडून दोन क्रिकेट कसोट्याही खेळलेला. पाठोपाठ कॉलिंगवूडचा गोल-यंत्र रॉन टॉड विल्यमस्टाउनला गेला. पुढेही अनेक दशकं खेळाडू ज्या भागात राहतो त्या भागाच्या क्लबाचा, आणि क्लबाने परवानगी दिल्याखेरीज त्याला हलता येत नसे. 1972 मध्ये दहा वर्षं सेवा झालेल्यांना मोकळीक मिळाली, तर नॉर्थ मेलबर्नने लगेच बॅरी डेव्हिस, डग वेड आणि जॉन रँटल असे तीन मातब्बर उचलले. लीगने पुढच्याच वर्षी ती सवलत बंद केली. नॉर्थने 1975 मध्ये आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं ते याच तिघांना घेऊन.

खरं वळण न्यायालयात आलं. साउथ मेलबर्न क्लब 1982 मध्ये सिडनीला हलला. सिल्व्हिओ फॉस्किनी या तरुण खेळाडूला तिकडे जायचं नव्हतं, त्याला सेंट किल्डाकडून खेळायचं होतं. 1983 मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: खेळाडूला असं बांधून ठेवणं म्हणजे त्याच्या पोटापाण्याच्या व्यवसायावर अवाजवी बंधन. जुनी चौकट ढासळली. क्लब कर्ज काढून एकमेकांचे खेळाडू फोडू लागले आणि काही क्लब बुडायच्या बेतात आले. त्यावरचा उपाय म्हणून 1986 मध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची क्लबांनी क्रमाने करायची निवड, आला आणि त्याच सुमारास सॅलरी कॅप, म्हणजे क्लबाच्या एकूण पगार-खर्चावरची मर्यादा. 1987 मध्ये ही मर्यादा साडेबारा लाख डॉलर होती.

पुढचे सगळे वाद या दोन गोष्टींतून निघतात. ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबाला पहिली निवड मिळते. अदलाबदलीत रोख पैसे हात बदलत नाहीत. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधल्या निवडी द्याव्या लागतात, आणि खेळाडूची संमती नसेल तर करारातल्या खेळाडूलाही पाठवता येत नाही. पगाराला कमाल मर्यादा आहे तशी किमान खर्चाचीही अट आहे. म्हणजे तारे नसलेल्या क्लबाकडे कुणावर तरी खर्च करायची रक्कम पडून असते. बॉइडचा आकडा फुगला तो इथे. समालोचक मात्र वर्षानुवर्षं तो बॉइडच्याच नावावर मांडत राहिले, आणि मला तरी हा हिशेब चुकीच्या माणसाच्या वहीत लिहिलेला वाटतो.

त्यात लीगने स्वतः भर घातली. 2011 मध्ये गोल्ड कोस्ट आणि 2012 मध्ये सिडनीच्या पश्चिमेला जीडब्ल्यूएस जायंट्स असे दोन नवे क्लब उभे केले, त्यांना निवडींची आणि पैशांची सढळ मदत केली. रग्बी लीगमधून इझ्राएल फोलाऊला मोठ्या रकमेवर आणलं. तो 13 सामन्यांत 2 गोल करून रग्बी युनियनकडे गेला. 2012 च्या अखेरीस मुक्त-खेळाडू पद्धत, म्हणजे बरीच वर्षं सेवा झालेल्या खेळाडूला करार संपल्यावर क्लब बदलण्याची मोकळीक, सुरू झाली आणि 2013 मध्ये लान्स फ्रँकलिन नऊ वर्षांच्या, एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनी स्वान्सकडे गेला.

त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जायंट्सनी बॉइडला पहिल्या क्रमांकावर निवडलं. दोन मीटर उंचीचा, पूर्व मेलबर्नचा मुलगा. वर्षभराने बुलडॉग्जचा कप्तान रायन ग्रिफेनने ‘मला जायंट्सकडे जायचंय’ असं सांगितलं. प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनीही पायउतार झाला. क्लबाची अब्रूच निघाली होती. अध्यक्ष पीटर गॉर्डन हा 1989 मध्ये, क्लबाचं फिट्झरॉयमध्ये विलीनीकरण होऊ घातलं असताना, लोकवर्गणीने तो वाचवणारा माणूस. हात चोळत बसणाऱ्यांतला नव्हे. ग्रिफेन आणि सहावी निवड देऊन त्याने बॉइड मिळवला. सात वर्षांच्या करारात थोडी चाहत्यांची समजूत होती आणि थोडी ईर्ष्या.

पहिली दोन वर्षं बॉइड अडखळला. उंच फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला गोल करणारा खेळाडू, वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पिकतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दर शनिवारी त्याच्या प्रत्येक सुटलेल्या झेलाला डॉलरचा भाव लावला जाई.

मग 2016. सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरलेले बुलडॉग्ज पर्थमध्ये वेस्ट कोस्टला हरवून आले, मग हॉथॉर्नला, मग उपांत्य सामन्यात जायंट्सना सहा गुणांनी. 1 ऑक्टोबरला एमसीजीवर 99,981 प्रेक्षकांसमोर गाठ पडली सिडनीशी. बॉइडने तीन गोल केले, गर्दीत उंच झेपावत झेल घेतले. तिसरा गोल शेवटच्या सत्रातला: डेल मॉरिसने फ्रँकलिनला पकडून पाडलं, चेंडू सुटला, बॉइडने तो उचलून मधल्या चौकोनातून लांबवर हाणला आणि टप्पे खात तो खांबांमधून गेला. एक कोटीवाल्याच्या हातून निसटलेल्या चेंडूवर सत्तर लाखवाल्याचा गोल. बुलडॉग्ज 89-67 असे जिंकले. त्यांचं याआधीचं विजेतेपद 1954 चं होतं. त्या दिवसापासून मेलबर्नच्या पश्चिम भागात बॉइडच्या पगाराचा विषय कुणी काढला तर त्याला वेड्यात काढतात.

बाकीचा करार मात्र तसा सरला नाही. 2017 मध्ये नैराश्यामुळे त्याने खेळ थांबवला, पुढे परतला, पाठीने त्रास दिला, आणि मे 2019 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, 2021 पर्यंतच्या कराराचे उरलेले पैसे सोडून तो निवृत्त झाला. बुलडॉग्जसाठी एकूण 52 सामने. सामन्यांच्या संख्येने भाग दिला तर व्यवहार भयानक दिसतो.

फ्रँकलिनचं गणित उलटं. त्याने नऊही वर्षं भरली, दहावंही खेळला, मार्च 2022 मध्ये हजारावा गोल केला तेव्हा हजारो लोक मैदानात धावले. पण सिडनीकडून 2014, 2016 आणि 2022 असे तिन्ही अंतिम सामने हरला. कोणता करार फळला? माझं मत बॉइडच्या बाजूने. सिडनीच्या चाहत्याला विचाराल तर तो हजाराव्या गोलाकडे बोट दाखवेल, आणि ती नऊ वर्षं भरलेली स्टँडही काही फुकटची नव्हती.

क्लबांनी यातून काय धडा घेतला? लांब करार थांबले नाहीत. उलट करार मोडण्याची तरकीब सापडली. कॉलिंगवूडने 2020 मध्ये ब्रॉडी ग्रंडीशी सात वर्षांचा करार केला, भार झेपेना म्हणून 2022 अखेर त्याला मेलबर्नकडे दिलं आणि पगाराचा काही भाग आपणच भरायचं कबूल केलं. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूड विजेतं ठरलं, दुसऱ्याच्या खेळाडूचा पगार भरत. ग्रंडी रकमन, म्हणजे पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू. मेलबर्नमध्ये त्याच जागेवर मॅक्स गॉन असताना ग्रंडीला जागा उरली नाही आणि तो सिडनीला गेला. तिथे तो पहिल्या पसंतीचा रकमन झाला आणि 2024 चा अंतिम सामना खेळला.