धमकीचा मेल आणि साडेपाच तासांचा फरक

धमकीचा मेल येतो, सायबर सेलमधला हुशार पोरगा दोन कळा दाबतो आणि नकाशावरचा लाल ठिपका थेट राजारामपुरीतल्या एका घरावर थांबतो. थ्रिलरमधल्या या प्रसंगावर बिलकूल विश्वास ठेवू नका.

आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीला मिळणारा क्रमांक, इंटरनेट कंपनीच्या नावावर असतो. त्यावरून कंपनी कळते, फार तर शहराचा अंदाज येतो आणि तोही चुकतो. कोल्हापुरातला मोबाइल अनेकदा पुण्यात किंवा मुंबईत दिसतो, कारण कंपनीचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला तिथे जोडलेलं असतं. शिवाय जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून जेमतेम 429 कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना देतात आणि पोर्ट क्रमांकावरून, म्हणजे त्या पत्त्यावरच्या प्रत्येक जोडणीला दिलेल्या वेगळ्या आकड्यावरून, कोण कुठला ते ओळखतात. म्हणजे माणूस शोधायला पत्ता, पोर्ट आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ, तिन्ही हवं. बऱ्याच वेबसाइट पोर्ट नोंदवतच नाहीत. तपास तिथेच अडकतो.

वेळेचा घोळ तर त्याहून वाईट. मेल रात्री 9:40 ला आला, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये, जागतिक वेळेनुसार 16:10 लिहिलेलं असतं. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत कुणी तीच भारतीय वेळ समजून लिहिली, की दुपारी तो पत्ता वापरणारा शाहूपुरीतला एखादा व्यापारी नाहक संशयित ठरतो. ही नोटीस 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार लॉग किमान 180 दिवस ठेवायचे असतात. तक्रार उशिरा आली तर पुरावा पुसला गेलेला असू शकतो. पटकथेला याहून चांगला ताण कुठला हवा?

सिनेमात दिसतं तसं पासवर्डचं एकेक अक्षर ओळखलं जाऊन 'लॉक' होत जाणं तर अशक्यच. तसं होत असतं, तर आठ छोट्या इंग्रजी अक्षरांना जास्तीत जास्त 208 प्रयत्न पुरले असते. प्रत्यक्षात शक्यता 20,882 कोटी, आणि अर्धा बरोबर आलेला पासवर्ड सर्व्हर कधीच सांगत नाही.

जोडणी कुणाची ते कळल्यावरही वायफाय कुणी वापरलं, हे उरतंच. सिनेमातला इन्स्पेक्टर खोलीत शिरताच वायरी उपटतो. घरगुती राउटरमधल्या नोंदी मात्र बहुधा वीज तुटली की जातात. म्हणून आधी राउटरच्या सेटिंगमधली जोडलेल्या उपकरणांची यादी आणि त्याचं घड्याळ यांचे फोटो घ्यायचे, पंचनाम्यात लिहायचं, आणि मगच प्लग काढायचा.