क्षमा केली म्हणजे समेट झाला का?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंनी सहा महिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वेदीपाशी घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घेतलं नव्हतं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पाळकसाहेब, नवऱ्याला मी क्षमा केलीय. पण परत नांदायला जायची भीती वाटते. समेट केल्याशिवाय वेदीपाशी कशी येऊ?"

मला माझीच जुनी चूक आठवली. पुण्यात नवा आलो होतो तेव्हा अशाच एका बाईंना मी "क्षमा करा आणि घरी जा" असं एका दमात सांगितलं होतं. दोन महिन्यांनी त्या देवळात आल्या, तेव्हा त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये होता. दोन वेगळ्या गोष्टी मी एका वाक्यात कोंबल्या होत्या.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत अपराधासाठी शब्द आहे ऋण. ऋण सोडणं हे ज्याचं येणं आहे त्याच्या हातात असतं, त्यासाठी ऋणको दारात यावा लागत नाही. म्हणूनच मार्क 11:25 मध्ये येशू सांगतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा तिथल्या तिथे क्षमा करा. वधस्तंभावरून त्याने ज्यांच्यासाठी क्षमा मागितली, त्यांना पस्तावा झालेला नव्हता. पण वही फाडली म्हणून त्याच माणसाला पुन्हा उधार द्यायचं, असं कुठेच सांगितलेलं नाही. समेट म्हणजे नव्याने विश्वास टाकणं, आणि त्याला दोघं लागतात.

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातला योसेफ पाहा, भावांनीच विकलेला आणि पुढे मिसरात अधिकारी झालेला. धान्यासाठी आलेल्या भावांना तो तीन दिवस अटकेत ठेवतो, मग त्यांचं पस्ताव्याचं बोलणं ऐकून बाजूला जाऊन रडतो, हे बेचाळिसाव्या अध्यायात. गळ्यात पडतो तो पंचेचाळिसाव्यात. मधल्या काळात तो एका भावाला, शिमोनाला, अडकवून घेतो, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवतो. ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकायची कल्पना काढली होती, तोच आता "धाकट्याऐवजी मला गुलाम करा" म्हणतो. माणूस बदललाय याची खात्री पटल्यावरच योसेफ आपली ओळख देतो. याला कुणी मनात अढी धरणं म्हणत नाही. मग आपल्या लेकीबाळींनी वेळ मागितला की का म्हणतो?

आणि वेदीचं ते वचन, मत्तय 5:23-24. ते आपण उलटं वाचतो. अर्पण ठेवून आधी समेटाला कुणी जायचं? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने. म्हणजे ज्याने दुखावलं, त्याने. मार खाल्लेल्या बाईच्या डोक्यावर ते वचन ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो आम्ही पाळकांनी केलाय.

कायदाही फार उशिरा जागा झाला. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात पत्नीला एकटी क्रूरता हे कारण पुरत नव्हतं. कायद्याच्या मजकुरात ते 2001 च्या दुरुस्तीने आलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आज संरक्षण आदेश मागता येतो. तो मागणारी बाई क्षमा करत नाही असं मुळीच नाही.

ताईंना मी हे सगळं सांगितलं. त्या अजून माहेरीच आहेत. गेल्या रविवारी त्या प्रभुभोजनाला पुढे आल्या, आणि भाकर घेताना त्यांचे हात थरथरत होते.