दोन सुवर्णपदके आणि मधली बारा वर्षे : देवेंद्र झाझरिया यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

देवेंद्र झाझरिया यांच्या नावावर पॅरालिम्पिकची दोन सुवर्णपदके आहेत. पहिले अथेन्स २००४ मधले, दुसरे रिओ २०१६ मधले. दोन्ही भालाफेकीतली आणि दोन्ही विश्वविक्रमासह मिळालेली. मधल्या बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ या स्पर्धांत मात्र त्यांचे नावच आढळत नाही. या काळात ते दुखापतीने अंथरुणाला खिळले नव्हते आणि निवड समितीने त्यांना वगळलेही नव्हते. त्यांच्या अपंगत्वाच्या गटाची भालाफेक त्या दोन्ही स्पर्धांत ठेवलीच गेली नव्हती. अवयव गमावलेल्या खेळाडूच्या जिद्दीबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिले जाते, पण त्याची कारकीर्द किती लांबणार आणि कुठे खंडित होणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेकडे फारसे कोणी पाहत नाही. झाझरिया यांची वाटचाल ती पत्रिका समोर ठेवूनच वाचायला हवी.

त्यांचा जन्म १९८१ सालचा, राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबातला. आठ वर्षांचे असताना झाडावर चढताना त्यांचा हात फांद्यांत दडलेल्या उच्च दाबाच्या जिवंत वीजवाहिनीला लागला आणि डावा हात कापावा लागला. शाळेत ते भालाफेकीकडे वळले ते बांबूपासून केलेला भाला घेऊन, आणि सुरुवातीच्या स्पर्धा त्यांनी दोन्ही हात धड असलेल्या मुलांबरोबरच खेळल्या. अशाच एका शालेय स्पर्धेत १९९७ साली प्रशिक्षक आर. डी. सिंग यांची नजर त्यांच्यावर पडली आणि दिव्यांगांच्या क्रीडास्पर्धांचे दार त्यांच्यासाठी उघडले.

ते दारही फार जुने नव्हते. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या आवारात ज्या स्पर्धा सुरू केल्या, त्या मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी होत्या. १९६० साली रोममध्ये त्यांना पॅरालिम्पिकचे स्वरूप आले, तेव्हाही मैदानावर चाकाच्या खुर्चीतले खेळाडूच होते. हात किंवा पाय गमावलेल्यांना आणि दृष्टिहीनांना प्रवेश मिळाला तो १९७६ साली, टोरोंटोमध्ये. भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडलबर्गला जलतरणात जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले हे जवान त्या वेळच्या नियमांत बसत होते; केवळ एक हात नसलेल्या एखाद्या भालाफेकपटूला मात्र त्या वर्षी हायडलबर्गच्या मैदानावर जागा नव्हती. १९८४ साली भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य आणि त्याच प्रकारात जोगिंदरसिंग बेदी यांनी कांस्यपदक मिळवले. झाझरिया यांच्या आधी भालाफेकीतली आपली परंपरा ती एवढीच.

प्रवेश मिळाल्यावर प्रश्न आला तो वर्गवारीचा. कोणाचा पाय गुडघ्याखालून गेलेला, कोणाचा मांडीतून, कोणाचा हात कोपराच्या वरून. या सर्वांना एका रांगेत उभे केले तर स्पर्धेला अर्थ उरत नाही. म्हणून मैदानी प्रकारांसाठी ‘एफ’ हे अक्षर आणि अपंगत्वाच्या प्रकारानुसार आकडा अशी पद्धत रूढ झाली. झाझरिया यांचा गट एफ ४६, म्हणजे एक हात गमावलेल्या किंवा एका हाताची शक्ती त्याच प्रमाणात गेलेल्या खेळाडूंचा.

फेकणारा उजवा हात शाबूत असताना डावा नसल्याने असे काय बिघडते, अशी शंका येणे साहजिक आहे. धाव घेताना खांद्यावरचा भाला स्थिर राहावा लागतो, आणि त्या वेळी शरीराचा तोल मुख्यत्वे मोकळा हात सांभाळतो. शेवटच्या आडव्या पावलांत उजव्या हाताने फेकणारा खेळाडू डावा हात पुढे ताणून धरतो, त्यामुळे छाती फेकीच्या दिशेला आडवी राहते. डावा पाय जमिनीत रोवला जाताच तो ताणलेला हात झटक्याने अंगाशी ओढला जातो, त्याबरोबर डावा खांदा थबकतो आणि उजवा खांदा वेगाने पुढे येतो. भाल्याला मिळणारा बराचसा वेग या पिळातून येतो. हाताची ती लांबी आणि ते वजनच नसेल, तर हाच पीळ कंबर, पोट आणि पाठीच्या स्नायूंतून काढावा लागतो. व्यायामशाळेतही अडचण येतेच, कारण दोन्ही हातांनी उचलायची वजने एका हाताला पेलत नाहीत आणि पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा बळकट होत गेली की दुखापत ठरलेली असते. साठ मीटरच्या पुढची प्रत्येक फेक या सगळ्यावर मात करून निघते, हे लक्षात घेतले की त्या आकड्यांचे मोल कळते.

२००२ साली दक्षिण कोरियातील बुसान येथे झालेल्या फेस्पिक, म्हणजे आशिया-पॅसिफिक भागातल्या दिव्यांगांच्या, स्पर्धेत झाझरिया यांनी सुवर्ण जिंकले. दोन वर्षांनी अथेन्समध्ये त्यांनी ६२.१५ मीटर फेक करून ५९.७७ मीटरचा जुना विश्वविक्रम मोडला. पेटकरांनंतर बत्तीस वर्षांनी भारताला पॅरालिम्पिक सुवर्ण मिळाले होते. त्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, तरी त्यांची कामगिरी सामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचली नाही, आणि याची खंत आजही वाटते.

पुढे आली ती रिकामी वर्षे. पॅरालिम्पिकमध्ये एकूण किती पदकप्रकार ठेवायचे याला मर्यादा असते. गट अनेक, त्यामुळे काही गट एकत्र केले जातात आणि काही प्रकार गाळले जातात. २००८ आणि २०१२ मध्ये पाय गमावलेल्यांसाठी भालाफेक होती, एफ ४६ साठी नव्हती. संयोजकांच्या दृष्टीने तो वेळापत्रकाचा प्रश्न असेल. विश्वविक्रम नावावर असलेल्या माणसाच्या आयुष्यातली मात्र २७ ते ३१ ही ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. ही व्यवस्था अन्यायकारक होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खेळाडूने स्वतःला कितीही घडवले तरी पत्रिकेत नसलेल्या प्रकारात उतरण्याचा मार्ग त्याच्यापुढे नसतो. त्या काळात खेळ सोडण्याचा विचार मनात आल्याचे आणि पत्नी मंजू यांनी त्यापासून परावृत्त केल्याचे झाझरिया यांनी सांगितले आहे. मंजू स्वतः राष्ट्रीय पातळीवरच्या कबड्डीपटू होत्या. २०१२ साली झाझरिया यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच वर्षीच्या लंडन स्पर्धेत त्यांना उतरता येत नव्हते.

२०१३ साली फ्रान्समधल्या लिऑन येथे जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले, पुढच्या वर्षी इंचॉनच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, आणि २०१५ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य. याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतल्या गैरव्यवस्थेनंतर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने भारतीय पॅरालिम्पिक समितीला निलंबित केले होते. रिओच्या पत्रिकेत एफ ४६ परत आले तेव्हा झाझरिया ३५ वर्षांचे होते. स्पर्धेपूर्वी त्यांनी फिनलंडमधल्या कुओर्ताने येथे सराव केला आणि अंतिम फेरीतल्या तिसऱ्या प्रयत्नात भाला ६३.९७ मीटरवर टाकून स्वतःचाच बारा वर्षांपूर्वीचा विक्रम मागे सारला. अथेन्समध्ये तेविशीत केलेल्या फेकीपेक्षा ही फेक जवळपास दोन मीटर लांब होती. मधल्या दोन स्पर्धांत संधी मिळाली असती तर काय घडले असते, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. २०१७ साली त्यांना खेलरत्न मिळाले.

टोकियोची तयारी करोनाच्या टाळेबंदीत सापडली. मैदान बंद असताना त्यांनी घरातला गॅस सिलिंडर उचलून व्यायाम केला, आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्यांच्या वडिलांचे कर्करोगाने निधन झाले. तरीही २०२१ च्या जुलैमध्ये दिल्लीतल्या निवड चाचणीत त्यांनी ६५.७१ मीटर फेक केली. ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत, चाळिशीत, ६४.३५ मीटरवर त्यांना रौप्य मिळाले आणि ६४.०१ मीटरवर सुंदरसिंग गुर्जर यांना कांस्य. सुवर्ण गेले ते श्रीलंकेचे दिनेश प्रियंता हेरात यांच्याकडे, ६७.७९ मीटरच्या विश्वविक्रमासह. गृहयुद्धात हाताला गंभीर जखम झालेले हे सैनिक रिओमध्ये झाझरियांच्या मागे तिसरे आले होते. प्रकार सलग दोन वेळा पत्रिकेत राहिला, तर स्पर्धेची पातळी कशी चढते याचा हा पुरावा आहे. त्याच दिवशी अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गमावलेल्या हरियाणाच्या सुमित अंतिल यांनी एफ ६४ गटात, कृत्रिम पायावर धाव घेत, ६८.५५ मीटर फेकीसह सुवर्ण जिंकले.

२०२२ मध्ये झाझरिया पद्मभूषण मिळवणारे पहिले पॅरा खेळाडू ठरले आणि मार्च २०२४ मध्ये भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या पहिल्याच पॅरालिम्पिकमध्ये, पॅरिसला, भारताने २९ पदके मिळवली. अथेन्समध्ये ती दोन होती. ज्या एफ ४६ भालाफेकीला एकेकाळी पत्रिकेत जागा नव्हती, तिच्यातले रौप्य या वेळी अजितसिंग यादव यांनी ६५.६२ मीटरवर आणि कांस्य सुंदरसिंग गुर्जर यांनी ६४.९६ मीटरवर घेतले. या दोन्ही फेकी झाझरियांच्या रिओमधल्या सुवर्णफेकीपेक्षा लांब होत्या.