टॅबवरचं चित्र किती शिळं?

दिवाळी झाली, धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. आताशा मंडपात मागे स्टँडवर एखादा कॅमेराही हमखास असतो, कारण मंडईतलं (गावच्या जत्रेतलं) नाटक पाहायला न आलेल्यांना ते यूट्यूबवर हवं असतं. शूटिंगवाल्याची अडचण एवढीच, की कॅमेऱ्याची स्क्रीन असते तीन इंची. पन्नास फुटांवरच्या नटाचा चेहरा तिच्यावर शेंगदाण्याएवढाही येत नाही. फोकस नटाच्या डोळ्यांवर आहे की मागच्या पडद्यावर रंगवलेल्या वाड्यावर, हे ओळखायचं कसं? दहा इंची टॅबवर तेच चित्र क्षेत्रफळाने सुमारे दहापट मोठं दिसतं. घरात पोरांच्या अभ्यासाला घेतलेला टॅब असतोच, मग वेगळा मॉनिटर कशाला, असा विचार येणं साहजिक आहे.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा सारखाच असतो. बाजारातून एचडीएमआय ते सी-टाइप केबल आणायची, एक टोक कॅमेऱ्याला, दुसरं टॅबला. टॅबवर काहीच उमटत नाही. केबलला शिव्या पडतात, पण केबल धडधाकट असते. ती बनलेली असते मोबाइलचं चित्र टीव्हीवर न्यायला. टॅबच्या सी-टाइप सॉकेटमधून चित्र बाहेर जाऊ शकतं (तेही सगळ्याच टॅबमध्ये नाही), एचडीएमआयचं चित्र आत घेण्याची सोय मात्र त्यात नसते. लेनोव्होच्या योगा टॅब 13 सारखा एखादा अपवाद आहे, त्याला आत घेणारं एचडीएमआय दिलेलं आहे. बाकीच्यांना मध्ये कॅप्चर कार्ड लागतं.

पेनड्राइव्हएवढं हे कार्ड एचडीएमआयचं चित्र घेतं आणि टॅबला सांगतं, मी वेबकॅम आहे. वेबकॅमसाठी यूव्हीसी नावाचा एक सामाईक करार आहे, त्यामुळे प्रत्येक कार्डासाठी वेगळं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. अँड्रॉइडवर ओटीजी (यूएसबीची वस्तू टॅबला जोडायची सोय) चालत असलं आणि यूएसबी कॅमेऱ्याचं एखादं अ‍ॅप असलं की काम होतं. आयपॅडमध्ये ही सोय 2023 च्या आयपॅडओएस 17 पासून आली, तीही सी-टाइप सॉकेटवाल्या आयपॅडलाच.

आता खरी गंमत. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. दर ठिपक्याला 16 बिट आणि सेकंदाला 25 चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे 83 कोटी बिट होतात. यूएसबी 2.0 ची कमाल मर्यादा आहे 48 कोटी. म्हणजे चित्र जसंच्या तसं तारेतून मावतच नाही. स्वस्त कार्ड मग प्रत्येक चित्र जेपीईजी फोटोसारखं दाबून पाठवतं आणि टॅब ते पुन्हा उलगडतो. यूएसबी 3.0 ची मर्यादा 500 कोटींची, तिथे दाबादाबी करावी लागत नाही. पण कार्ड भारी घेऊन भागत नाही, टॅबचं सॉकेटही तेवढ्या वेगाचं हवं. सी-टाइप हा सॉकेटचा आकार झाला, वेग नव्हे. दहाव्या पिढीच्या आयपॅडचं सी-टाइप सॉकेटसुद्धा 2.0 च्याच वेगाने चालतं.

या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. सेकंदाला 25 चित्रं म्हणजे एका चित्राला 40 मिलिसेकंद. कॅमेरा, कार्ड, अ‍ॅप, स्क्रीन या प्रत्येकाने एकेक चित्र जरी हातात धरून ठेवलं तरी 160 मिलिसेकंद गेले. तुमच्या जोडणीत किती जातात ते घरीच मोजा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून कॅमेरा त्याच्यावर रोखा, टॅब मोबाइलशेजारी ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्हींचा एकत्र फोटो काढा. मोबाइलवर 12.48 आणि टॅबवर 12.31 दिसत असेल, तर चित्र 0.17 सेकंद शिळं आहे. दोन-चार फोटो काढून सरासरी घेतलेली बरी.

नाटकात एवढ्या उशिराने बिघडत नाही, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी असतो. फक्त मंडपातला आवाज आधी ऐकू येतो आणि टॅबवर ओठ मागून हलतात. ते पाहून रेकॉर्डिंगमधला आवाज पुढेमागे करायला जाऊ नये. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, मात्र टॅब कामाचा नाही. बैलजोडी सेकंदाला 10 मीटर धावते असं धरलं, तर 0.17 सेकंदात ती 1.7 मीटर पुढे गेलेली असते. टॅबकडे पाहून कॅमेरा फिरवाल, तर चित्रात शेपट्याच येतील. तिथे आपली छोटी स्क्रीनच बरी.

वायफायने जोडलं तर तार वाचते, पण उशीर वाढतो. चित्र आणखी दाबावं लागतं, हवेत हरवलेला भाग पुन्हा मागवावा लागतो. त्यात 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. संध्याकाळी रिकाम्या मंडपात सुरळीत चाललेलं वायफाय गर्दी झाल्यावर अडखळतं ते यामुळे, आणि गर्दीतल्या शेकडो मोबाइलमुळे. माझं मत विचाराल तर तारच लावा, आणि ती स्टँडला बांधा. मायक्रो एचडीएमआयचं सॉकेट नाजूक असतं, अंधारात कुणाचा पाय अडकला की कॅमेराच दुरुस्तीला जातो.

टॅबवर हालचाल किंचित धक्के खात दिसते, त्याचीही धास्ती नको. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिव्यांचं लपलपणं टाळायला आपण 25 चित्रांवर शूट करतो. बहुतेक टॅबची स्क्रीन सेकंदाला 60 वेळा बदलते. 60 ला 25 ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा. तो धक्का टॅबचा आहे, फाइलमध्ये नाही.

एप्रिल-मेच्या लग्नात ऊन आडवं येतं. ॲपल आयपॅड 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं, आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे. तापलेला टॅब स्वतःच उजेड कमी करतो, काम हळू करतो, म्हणजे उशीर आणखी वाढतो. मंद झालेल्या स्क्रीनकडे बघून एक्स्पोजर वाढवलं तर नवरीच्या शालूचा जरीकाठ पांढराफटक होणार. अ‍ॅपमधला हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उन्हाने फसत नाही, त्याच्यावर विसंबा. टॅब सावलीत ठेवा. वऱ्हाडी भोवती जमून "साजरं दिसून रायलं ना भाऊ!" म्हणतील, पण बऱ्याच टॅबचे रंग मुळातच भडक असतात, तेव्हा रंगाचा निकाल तिथे लावू नये.

कार्ड टॅबचीच बॅटरी खातं आणि चार्जिंगचं सॉकेटही अडवतं. रात्रभराचं काम असेल तर चार्जिंगची वाट असलेला हब घ्या. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआयवर माहिती दाखवायचा पर्याय असेल तर तो बंद करा, नाहीतर बॅटरीची खूण नटाच्या फेट्यावर बसते. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डचं लाल बटणही असतं. त्याने साठते ती कार्डाने दाबलेली प्रत, तेव्हा मूळ रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्याच मेमरी कार्डवर चालू आहे ना, ते नांदीआधी पाहून घ्या.