चुलीमागे मत : ब्रिटनच्या मतदारयादीची पार्श्वभूमी

विद्यार्थी व्हिसावर लंडनला गेलेल्या मुलाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, असं सांगितलं तर आपल्याकडे बहुतेकांना ते पटत नाही. पण ते खरं आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचं नागरिकत्व, ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य आणि १८ वर्षं पूर्ण, एवढं असलं की झालं. फ्रान्स किंवा जर्मनीच्या नागरिकाला मात्र संसदेसाठी मत नाही, मग तो तिथं वीस वर्षं राहत का असेना. साम्राज्य संपलं तरी त्याच्या वहीतली ही नोंद कुणी खोडली नाही. गंमत म्हणजे मुंबईहून आलेल्या पाहुण्याला इतक्या सहज मत देणाऱ्या या देशानं घरच्या कामगाराला आणि बायकांना त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ताटकळत ठेवलं होतं.

याचं मूळ एका जुन्या समजुतीत आहे. इंग्लंडमध्ये मत माणसाला नव्हतं, घरादाराला आणि जमिनीला होतं. १४३० च्या कायद्यानं परगण्यांमध्ये वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यालाच मताचा हक्क ठेवला आणि पुढची चारशे वर्षं तोच आकडा चालला. शहरांचे नियम तर गावोगाव वेगळे. काही ठिकाणी ज्याची स्वतंत्र चूल, तो मतदार. स्वतःच्या चुलीवर हंडी उकळता येते हे दाखवलं की मत पक्कं. आपल्याकडे वाटणी झाली की चूल वेगळी होते, तसाच काहीसा हिशेब.

तरी चूल पाहणारी गावं त्यातल्या त्यात उदार म्हणायची. ओल्ड सारम या ठिकाणी गाव असं उरलंच नव्हतं. जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा, आजूबाजूला शेतं आणि मतदार दहा-अकरा. तरी तिथून दोन खासदार जात. ही जागा मद्रासचा गव्हर्नर झालेल्या टॉमस पिटच्या घराण्याकडे होती. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये इथूनच पहिल्यांदा संसदेत गेला आणि पुढे पंतप्रधान झाला. हिंदुस्थानात पैसा करून परतलेले कंपनीचे इतर अधिकारीही अशा जागा विकत घेत. डनिच हे बंदर तर बरंचसं समुद्रात गेलं होतं, तरी त्याचे दोन खासदार शाबूत. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या गिरण्या-कारखान्यांनी भरलेल्या शहरांना मात्र एकही नाही.

मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर १६ ऑगस्ट १८१९ ला सुमारे ६० हजार माणसं जमली ती याच मागणीसाठी. बायका पांढरे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन आल्या होत्या. घोडदळ त्यांच्यावर घातलं गेलं. पंधरा ते अठरा जण मेले, शेकडो जखमी झाले. चारच वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई जिंकली होती, म्हणून लोकांनी या प्रकाराला ‘पीटर्लू’ असं टोचणारं नाव दिलं.

१८३२ चा सुधारणा कायदा आला. ५६ जुन्या शहरांचं प्रतिनिधित्व पूर्ण गेलं आणि मँचेस्टरला खासदार मिळाले. शहरात मतदार कोण, तर वर्षाला १० पौंड भाडं येईल अशा घरात राहणारा पुरुष. दुकानदार, वकील, छोटे कारखानदार आत आले. ज्यांच्या जिवावर हे आंदोलन उभं राहिलं ते विणकर आणि मजूर बाहेरच राहिले. शिवाय मतदार ‘पुरुष’च असला पाहिजे हे कायद्यात पहिल्यांदाच शब्दांत लिहिलं गेलं. सुधारणेच्या नावाखाली बायकांना दार लावलं गेलं ते असं.

फसवणुकीच्या या भावनेतून १८३८ मध्ये ‘पीपल्स चार्टर’ निघालं. सहा मागण्या : सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, खासदारांना पगार, उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द, सारखे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. १८४२ च्या अर्जावर ३३ लाखांवर सह्या होत्या. संसदेनं तो फेटाळला. लंडनच्या चार्टिस्टांच्या पुढाऱ्यांत विल्यम कफे हा शिंपी होता, वेस्ट इंडीजमधल्या गुलामाचा मुलगा. १८४८ च्या धरपकडीत तो सापडला आणि टास्मानियाला काळ्या पाण्यावर गेला. पुढे सहापैकी पाच मागण्या कायदा झाल्या. दरवर्षी निवडणूक ही सहावी मात्र कुणी फारशी मनावर घेतली नाही, आणि बरंच झालं म्हणायचं.

त्या पाचांतली गुप्त मतदानाची मागणी दिसते त्याहून मोठी. तोवर मत चारचौघांत, तोंडानं सांगायचं असे. कुणी कुणाला मत दिलं त्याच्या वह्या छापून विकल्या जात. जमीनदार त्या चाळून पुढच्या वर्षी कुठल्या कुळाला काढायचं ते ठरवू शके. १८७२ च्या कायद्यानं हे थांबलं. त्या ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा चिठ्ठ्या पेटीत पडल्या. हे गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी प्रसिद्ध. पेटीवर लाखेची मोहोर उठवायला वड्यांच्या कारखान्यातलाच ठसा वापरला गेला, किल्ला आणि घुबड असलेला. ती पेटी तिथल्या संग्रहालयात आहे, लाख अजून तिच्यावर आहे.

त्याच १८७२ मध्ये मुंबई महापालिकेचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचं ठरलं. म्हणजे घर-मालमत्तेचं माप आपल्याकडेही आलंच. १९१९ मध्ये मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा असं मांडलं, ते याच मापाविरुद्ध.

तिकडे १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी बऱ्याच कामगार पुरुषांना मत दिलं, पण अटी बघा. बारा महिने एकाच पत्त्यावर राहायचं. भाड्याच्या खोलीत असाल तर दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा. गरिबांच्या मदतनिधीतून काही घेतलं तर मत गेलं. नोकर, फिरते मजूर, बापाच्या घरात राहणारा मुलगा असे सगळे मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास पुरुष १९१४ पर्यंत यादीबाहेर होते. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी निवडून आले, तेही याच अर्धवट यादीवर आणि अवघ्या ५ मतांच्या फरकानं. त्याआधी पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी जाहीर सभेत त्यांना ‘काळा माणूस’ म्हणाले होते. त्याच निवडणुकीत केअर हार्डी हा खाणकामगार वेस्ट हॅममधून आला आणि उंच हॅटऐवजी साधी टोपी घालून संसदेत गेला. वर्तमानपत्रं टोपीवरच बोलत राहिली. तोवर खासदाराला पगारच नव्हता. वर्षाला ४०० पौंड सुरू झाले ते १९११ मध्ये.

महायुद्धानं ही व्यवस्था स्वतःच्याच नियमात अडकली. खंदकात लढणारा शिपाई बारा महिने घरी नव्हता, म्हणजे तो मतदार नाही! १९१८ च्या कायद्यानं २१ वर्षांवरच्या पुरुषांची अडचण सोडवली, मतदार ७७ लाखांवरून २ कोटी १४ लाखांवर गेले. बायकांना मत मिळालं, पण तिशीनंतर, तेही त्यांचं किंवा नवऱ्याचं घर असेल तर, नाहीतर पदवी असेल तर. दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या रसायनांनी अंग पिवळं पडलेल्या पोरी बहुतेक विशीतल्या. त्यांना तिशी गाठेपर्यंत, नाहीतर १९२८ मध्ये बायकांनाही २१ व्या वर्षी मत मिळेपर्यंत थांबावं लागलं.

आणि तरीही काहींना दोन मतं होतीच : एक घराचं, दुसरं धंद्याच्या जागेचं किंवा विद्यापीठाचं. १९४८ च्या कायद्यानं ती गेली. एका माणसाला एकच मत अशी पहिली ब्रिटिश सार्वत्रिक निवडणूक झाली फेब्रुवारी १९५० मध्ये, आपली राज्यघटना लागू झाल्यावर महिन्याभरात. उत्तर आयर्लंडच्या नगरपालिकांत तर घरपट्टीवाल्यालाच मत, कंपन्यांना जादा मतं, हा प्रकार साठीच्या दशकाअखेरपर्यंत चालला. तिथल्या कॅथलिकांत भाड्यानं किंवा नातेवाइकांकडे राहणारे जास्त, म्हणून फटका त्यांना. डेरी या शहरात लोकसंख्या कॅथलिकांची आणि पालिका प्रोटेस्टंटांची, हे गणित वॉर्डांच्या आखणीवर बसवलेलं होतं. १९६८ चे मोर्चे ‘एक माणूस, एक मत’ म्हणत निघाले तेव्हा त्यात अलंकारिक काही नव्हतं.

आज कायद्यात घराची अट नाही. पण १९५० मध्ये जवळपास ८४ टक्के झालेलं मतदान २०२४ मध्ये ६० टक्क्यांच्या आसपास आलं आणि यादीतून गळणारे कोण हे पाहिलं तर जुनी ओळख पटते : भाडेकरू, तरुण, सारखे घर बदलणारे. १९९० च्या सुमाराला थॅचर सरकारनं डोईपट्टी लावली तेव्हा ती चुकवायला अनेकांनी नाव यादीत येऊच दिलं नाही. २०१४ पर्यंत घरातला एकजण सगळ्यांची नावं भरून देई. आता ज्यानं त्यानं आपली नोंद करायची. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतं. लंडनमध्ये साठीच्या पुढच्यांचा प्रवासाचा पास चालतो, अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांचा चालत नाही.

चार-पाच मराठी पोरं मिळून भाड्यानं घेतात तसल्या घरात पालिकेचं पाकीट येतं. वर कुणाचंच नाव नसतं, नुसतं ‘राहणाऱ्यास’. ते पिझ्झाच्या जाहिरातींखाली, चपलांच्या रॅकवर पडून राहतं. नोंदणीची मुदत मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी संपते.