कॉल अडला, तर पुढची वाट कोणती?

कार्यालयाच्या टेलिफोन यंत्रणेत व्हॉइस गेटवे नाक्यावर उभा असतो. एका बाजूला आतली एक्स्टेन्शन्स, दुसऱ्या बाजूला सिप ट्रंक (डेटा नेटवर्कवरून बाहेर कॉल नेणारी जोडणी; सिप ही त्यासाठीची संदेशपद्धत) आणि बऱ्याचदा एखादी जुनी ई-१ लाइनही (एका वेळी तीस कॉल, म्हणजे तीस चॅनेल नेणारी डिजिटल लाइन). अमुक अंकांनी सुरू होणारा कॉल अमुक वाटेनं न्यायचा, एवढंच त्याला शिकवायचं असतं, असं वरवर वाटतं. एकेक नियम लिहिणं सोपंच आहे. घोळ होतो तो एकाच क्रमांकाला अनेक नियम लागू पडतात तेव्हा, आणि त्याहून जास्त, निवडलेली वाट बंद निघते तेव्हा.

समजा तीन नियम आहेत: '२...', '२१..' आणि '२१०५'. टिंब म्हणजे कोणताही एक अंक. २१०५ हा क्रमांक तिन्हींत बसतो. सिस्को या कंपनीच्या गेटवेवर ज्या नियमाचे सर्वांत जास्त अंक नेमके जुळतात तो जिंकतो, मग तो यादीत कुठेही असो. बरोबरी झाली तर प्राधान्याचा आकडा पाहिला जातो, ० सर्वांत वरचा. ऑडिओकोड्स या दुसऱ्या कंपनीच्या गेटवेतला तक्ता मात्र वरून खाली वाचला जातो आणि पहिला जुळेल तो नियम लागतो. तिथे '२...' वरच्या ओळीत राहिला, तर खालच्या दोघांची पाळी कधी येतच नाही.

तुलना होण्याआधी क्रमांकाचं रूप एक करून घ्यावं. तोच क्रमांक कुणी अधिकचिन्हासह पाठवतं, कुणी दोन शून्यं लावून, कुणी देशाच्या कोडाशिवाय. आत येताच सगळे क्रमांक ई.१६४ पद्धतीत, म्हणजे देशाच्या कोडसह जास्तीत जास्त १५ अंकांत आणावेत आणि बाहेर पडताना त्या त्या ट्रंकला हवं तसं रूप द्यावं. असं केलं नाही, तर एकाच जागेसाठी चार नियम लिहावे लागतात आणि बदल करताना त्यातला एक हमखास विसरतो. सिस्कोत आणखी एक खोच आहे: पीआरआय (ई-१ वर चालणारी डिजिटल फोनसेवा) किंवा अ‍ॅनालॉग लाइनकडे जाणारा नियम स्वतःशी नेमके जुळलेले अंक कापून टाकतो. बाहेरच्या लाइनसाठी लावलेला ९ कापला जाणं सोयीचं आहे, पण '२१०५' या नियमात चारही अंक नेमके असल्यानं पलीकडच्या एक्स्चेंजला काहीच पोहोचत नाही. अशा वेळी किती अंक पुढे पाठवायचे ते वेगळं सांगावं लागतं.

आत येणाऱ्या बाजूलाही नियम लागतो, हे बरेच जण विसरतात. तो जुळला नाही तरी सिस्कोचा गेटवे कॉल अडवत नाही. तो ० क्रमांकाचा मूळ नियम वापरतो, आणि त्यात दाबलेली बटणं पुढे पोहोचवण्याची सोय नसते. आवाज स्वच्छ, पण 'विक्रीसाठी एक दाबा' म्हटल्यावर एक दाबून उपयोग नाही, अशी तक्रार आली की आधी इथेच पाहावं.

आता बंद वाटेकडे. ट्रंककडून नकार आला, की तो कशामुळे आला यावर पुढचं ठरायला हवं. सिपमध्ये नकाराचं कारण आकड्यानं कळतं. ४८६ म्हणजे समोरचा फोन व्यग्र. दुसऱ्या ट्रंकनं गेलो तरी तो व्यग्रच असणार, म्हणून तिथेच थांबावं. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. इथे लगेच दुसरी वाट धरावी. ई-१ लाइनवर हेच कारण १७ आणि ३४ या आकड्यांनी कळतं: १७ व्यग्र, ३४ मोकळा चॅनेल नाही. ४०४, म्हणजे असा क्रमांकच नाही, हे उत्तर जरा फसवं असतं. कधी क्रमांक खरंच चुकीचा असतो, तर कधी आपणच तो त्या ट्रंकला न कळणाऱ्या रूपात पाठवलेला असतो. दुसऱ्या वाटेनं कॉल लागतो आणि मूळ चूक महिनोन्‌महिने झाकलेली राहते. म्हणून ४०४ वर दुसरी वाट देऊ नये, हे बरं.

सर्वांत वाईट नकार म्हणजे मौन. यूडीपीवर (पोचपावती न घेता डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर) कॉलची विनंती अनुत्तरित राहिली तर सिपच्या नियमानुसार ती अर्ध्या सेकंदानं, मग एक, दोन, चार अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतरानं पुन्हा पाठवली जाते. हार मानायला ३२ सेकंद लागतात, आणि तोवर माणूस फोन ठेवून मोकळा होतो. फेरप्रयत्न दोनवर आणले, तर साडेतीन सेकंदांत दुसरी वाट सुरू होते. त्याच्या जोडीला ठरावीक वेळानं ट्रंकला 'ऑप्शन्स' संदेश पाठवून तो जिवंत आहे का ते पाहत राहावं. मेलेला ट्रंक आधीच यादीतून बाजूला होतो.

'बाकी सगळं इकडे' असा सरसकट नियम जपून वापरावा. गेटवेनं अनोळखी क्रमांक एक्स्चेंजकडे ढकलला आणि एक्स्चेंजनं तो परत गेटवेकडे, की कॉल गोल फिरू लागतो. सिपमध्ये ७० टप्प्यांची नेहमीची मर्यादा असल्यानं शेवटी ४८३, म्हणजे टप्पे फार झाले, असं उत्तर येऊन तो मरतो. पण मध्ये ई-१ असेल तर टप्प्यांचा तो हिशेब सहसा पलीकडे पोहोचत नाही, आणि एकच कॉल बघता बघता तीसही चॅनेल अडवून बसतो. शिवाय बाहेरून आलेला कॉल अशा नियमानं पुन्हा बाहेर जाऊ शकतो, आणि फुकट परदेशी कॉल करणारे चोर हीच फट शोधत असतात. कॉल कोणत्या बाजूनं आला, ही अट प्रत्येक बाहेर जाणाऱ्या नियमात घालावीच.

चाचणी घेताना केबल उपटून समाधान मानू नये. केबल निघाल्याचं गेटवेला तत्काळ कळतं आणि दुसरी वाट झटकन लागते. फायरवॉलवर ट्रंककडे जाणारी डेटाची पाकिटं गुपचूप टाकून द्या, आणि मग घड्याळ लावून मोजा.