फिगर्स ऑफ स्पीचची लिस्ट आम्ही पहिल्या दिवशी का देत नाही

(दहावी, पीयूसी आणि बी.ए. इंग्लिशच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या पालकांसाठीही)

जून लागला की क्लासच्या दारात तेच बोलणं होतं. ‘सर, ती फिगर्स ऑफ स्पीचची, म्हणजे इंग्लिश अलंकारांची लिस्ट देऊन सोडा की. पोरगं घरी पाठ करतंय.’ पोरगं पाठ करतं याबद्दल आम्हाला शंका नाही. निम्मी मुलं व्याख्या घोकूनच येतात. पुढ्यात कवितेची एक ओळ ठेवली की मात्र छताकडे बघतात. प्रत्येकाला दारात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा छापून दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

खरं तर आपल्या मराठी-कन्नड सीमाभागातल्या मुलांचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मराठीच्या तासाला उपमा-रूपक, कन्नडच्या तासाला उपमालंकार-रूपकालंकार. शिदोरी एकच, संस्कृतची. नवव्या शतकातल्या कन्नड ‘कविराजमार्गा’लाही संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीच्या ‘काव्यादर्शा’चाच आधार आहे. उपमेय (ज्याच्याबद्दल बोलतो ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करतो ते) ज्याला कळलं, त्याला सिमिली, म्हणजे इंग्लिशमधली उपमा, सांगायला दहा मिनिटं पुरतात. इंग्लिश समीक्षेत या जोडीला टेनर आणि व्हेइकल ही नावं आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 साली दिली. आपण त्याच्या कितीतरी आधीपासून ही जोडी सांभाळतोय.

घोळ होतो तो खुणेच्या शब्दापाशी. मराठीत ‘सारखा, सम, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा, अशी सवय मुलांच्या हाताला लागलेली असते. तीच सवय घेऊन ती इंग्लिशमध्ये शिरतात आणि ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसला की डोळे मिटून सिमिली लिहितात. गेल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं, ‘द रेन फेल ॲज आय वेटेड ॲट द सेकंड गेट’. अख्ख्या बॅचने सिमिली म्हणून हात वर केले. विचारलं, ‘पाऊस कशासारखा पडला?’ गप्प. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, नुसता पडला की. ती बोलणारी थांबली होती तेव्हा पडला.’ बरोबर. तिथला ‘ॲज’ वेळ दाखवतो. रेल्वेच्या दुसऱ्या गेटला फाटक उघडायची वाट बघत ताटकळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

तसंच ‘शी इज ॲज टॉल ॲज हर सिस्टर’ ही नुसती उंचीची बरोबरी. दोघी बहिणीच, त्यात अलंकार कुठला? बहिणीच्या जागी नारळाचं झाड आलं की सिमिली झाली. आणि उत्प्रेक्षेला इंग्लिशमध्ये काय म्हणतात, हा प्रश्न कृपया आता पुरे. वेगळं नाव नाही. ‘ॲज इफ’ लावून केलेली तुलना तिकडे बहुतेक वेळा सिमिलीतच धरतात.

ही एक सवय मोडायला आमचे पहिले तीन शनिवार जातात. त्या तीन शनिवारांत मुलांना अलंकाराचं नाव उच्चारायची बंदी असते. फक्त तीन गोष्टी सांगायच्या: बोलणं कशाबद्दल चाललंय, ते कशाशी जोडलंय, दोघांत सारखं काय. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथे सिमिलीही नाही आणि मेटाफरही (रूपकही) नाही. ‘महिना होत आला तरी वहीत काहीच नाही’ अशी तक्रार पालक करतात, ती आम्ही ऐकून घेतो. चौथ्या शनिवारी लिस्ट मिळते, आणि तोवर ती मुलांना अर्धी नकोशीच झालेली असते.

मराठी नावांच्या जोड्या लावताना बाकीच्या ठिकाणीही जपून. ॲलिटरेशन, म्हणजे अनुप्रास, कानाने ओळखायचं. ‘कॅट’ आणि ‘सिटी’चं पहिलं अक्षर एक असलं तरी जुळत नाहीत, ‘फोन’ आणि ‘फिश’ जुळतात. व्याजस्तुती (वरून स्तुती, आतून निंदा किंवा उलट) म्हणजेच आयरनी असंही लिहू नका. आयरनीचा पसारा मोठा आहे. नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि पात्राला नसतं, तीही आयरनीच. मेटोनिमीची (एका गोष्टीचं नाव घेऊन तिच्याशी निगडित दुसरी सांगण्याची) जोडी तर अलंकारांच्या यादीत शोधूच नका, शब्दशक्तीचा धडा उघडा. ‘विधानसौधाने ठरवलं’ म्हणताना बेंगळुरूची ती विधिमंडळाची इमारत काही ठरवत नाही, आतलं सरकार ठरवतं. ही आपली लक्षणा, शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणारी शब्दशक्ती. बी.ए.ची मुलं इथे हमखास अडतात, कारण तो धडा शाळेत बहुतेकांनी उडवलेला असतो.

स्पेलिंगचं एकच सांगतो. सिमिलीमधला पहिला आय खाल्ला की स्माइल होतं. दरवर्षी दोन-तीन पेपरांत कवी स्माइल वापरतो.

शिकवणं मराठीतून, लागेल तिथे कन्नडमधून, उत्तरं मात्र इंग्लिशमध्येच लिहून घेतो. बॅच दहा शनिवारांची. खानापूरकडच्या मुलांना परतीची बस मिळावी म्हणून चारला सोडतो, त्यामुळे दोनला म्हणजे दोनलाच या. पहिला शनिवार कुणालाही बसून बघायला मोकळा आहे, फी दुसऱ्या शनिवारपासून. येताना शाळा-कॉलेजचं पाठ्यपुस्तक आणा. गाइड आणू नका. आणलंच तर जाताना आठवणीने घेऊन जा, टेबलाखाली गेल्या वर्षीची चार पडून आहेत.